विहिरीपासून पूर्वेला

विद्यानगरला वरची खोली भाड्यानं बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला आडनाव विचारलं नाही. पगार विचारला नाही, माझ्याकडे कोण कोण येणार-जाणार हेही नाही. त्या आठवड्यात मी आणखी दोन-तीन घरं पाहिली होती आणि तिथे हे सगळं विचारून झालं होतं, त्यामुळे माझी उत्तरं तयार होती. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि विचारलं, "देगलूरला तुझ्या घराचं दार कुठल्या दिशेला आहे?"

मी म्हटलं, "रस्त्याकडे."

"रस्ता ही काही दिशा नाही."

मग मी अंदाजानं दक्षिण म्हणाले. सकाळचं ऊन घरात कुठून येतं, असं त्यांनी विचारलं. मागच्या दारातून, मी सांगितलं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना, तेव्हा त्यांनी मला वडिलांना फोन लावायला सांगितला. मुलगी बँकेच्या नोकरीसाठी हैदराबादेत खोली शोधायला गेलीय आणि फोन करून आपल्याच घराचं दार कुठे आहे विचारतेय, म्हटल्यावर वडील घाबरले. पश्चिमेला, असं त्यांनी सांगितलं आणि तू बरी आहेस ना, असं लागोपाठ विचारलं. बाईंनी किल्ली काढून माझ्या हातात दिली.

पुढे मी कितीतरी वर्षं त्या घरात राहिले. बदली होऊन निघाले तेव्हा मला डावं-उजवं म्हणायची सवय उरलेली नव्हती. बाईंच्या घरात डावं-उजवं चालतच नसे. जेवायला बसलं की त्या म्हणत, "त्या उत्तरेच्या वाटीतली चटणी घे, दक्षिणेची तिखट आहे." गॅसच्या पूर्वेला मीठ, पश्चिमेला हळद. एकदा सुट्टीत गावी गेले असताना मी भावाला जरा पूर्वेला सरक म्हणाले आणि घरचे सगळे जेवण थांबवून माझ्याकडे बघायला लागले.

बाई जामबागजवळच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वडील रेल्वेत लागले म्हणून त्यांचं कुटुंब नांदेडकडून इकडे आलं. घरातली पहिली शिकलेली मुलगी त्याच. नवरा पोस्टात होता, मुलगा कॉलेजात असतानाच तो गेला. सकाळी पुढच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीसमोर वंदना झाली की त्या बाहेर पडत. भाजी असो, औषध असो, ज्या रस्त्यानं गेल्या त्या रस्त्यानं परत येत नसत. गल्लीतली तेलुगू मंडळीही त्यांना बाईच म्हणत. फक्त त्यापुढे आदरानं 'गारू' लावत. बाईगारू.

उंची बेताची, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पायात कायम कॅनव्हासचे बूट, साडीवरसुद्धा.

त्यांच्या शाळेतल्या गोष्टी मला त्यांच्या विद्यार्थिनींकडून कळल्या. बाई नकाशा भिंतीवर लावू देत नसत. भिंतीवर टांगला की मुलींना उत्तर म्हणजे वर असं वाटायला लागतं, हे त्यांचं म्हणणं. "वर म्हणजे आकाश," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नकाशात वर-खाली काही नसतं. म्हणून त्या वर्गातले बाक मागे सरकवून भारताचा मोठा कापडी नकाशा फरशीवर अंथरायच्या, खरी उत्तर बघून फिरवायच्या आणि म्हणायच्या, "चपला काढा आणि भारतात या." मुली अनवाणी पायांनी नर्मदेवरून तापीवर यायच्या. मुख्याध्यापकबाईंनी हरकत घेतली की राष्ट्राच्या नकाशावर पाय देणं बरं दिसत नाही. बाईंनी उत्तर दिलं की राष्ट्रावर आपण रोजच पाय देतो, दुसरी जागाच नाही.

एकदा सुलतान बाजारात साडीच्या दुकानाबाहेर एक चाळिशीची बाई आमच्यासमोर आली, वाकून नमस्कार करायला लागली. बाईंनी आशीर्वाद दिला नाही. "उत्तर?" एवढंच विचारलं. त्या बाईच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, तिनं हनुवटीनं नारायणगुड्याकडे दाखवलं. मग बाई हसल्या आणि मुलंबाळं विचारली.

रिक्षात बसलं की वेगळाच प्रकार. रिक्षावाल्याच्या फोनमधला नकाशा बोलायला लागला की बाईही बोलायला लागत. एक रिक्षावाला वैतागून म्हणाला, "अम्मा, फोन इधर बोलरा, तुम उधर बोलरे. मैं किसकी सुनूँ?" बाई म्हणाल्या, "उसकू यहीच उतार दो." तो इतका हसला की त्यानं खरोखर फोन बंद केला. आम्ही वेळेत पोचलो, पण अशा गल्ल्यांतून की रिक्षाच्या दोन्ही बाजूंना लोकांचे ओले कपडे लागत होते.

त्यांच्या माळ्यावर पाण्याच्या पाईपचे तुकडे रचून ठेवलेले होते. पहिल्या वर्षी मला वाटलं, घराचं काही काम निघणार असेल. त्यात नकाशे होते. निजामाच्या काळात मुसी नदीला मोठा पूर आला, त्यानंतर शहराची मोजणी झाली आणि गल्लीगल्लीचे मोठे नकाशे निघाले. त्यांच्या झेरॉक्स प्रती, कुणी कुणी हातानं उतरवून दिलेले तुकडे, कोठी भागातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत सापडलेले कागद असं सगळं त्या पाईपांत गुंडाळून ठेवलेलं. रविवारी एखादा पाईप खाली यायचा. बाई कागद फरशीवर पसरायच्या, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवायच्या आणि गुडघे टेकून बघत बसायच्या. त्या नकाशांत घरं, अंगणं, विहिरी, कुठे कुठे एकेक झाडसुद्धा दाखवलेलं होतं. मी एकदा विचारलं, हे आता काय कामाचं, यातलं काहीच उरलेलं नाही. त्या म्हणाल्या, घरं पडतात, मालक बदलतात, पण गल्लीचं वळण बदलत नाही, कारण आपली वीतभर जागा सोडायला कुणी तयार नसतं.

आता लग्नपत्रिकांबद्दल सांगायला हवं. लग्नाच्या पत्रिकेमागे कार्यालयाचा छोटा नकाशा छापतात. तसा नकाशा असलेली पत्रिका घरी आली की बाई लाल पेन घेत, चुका दुरुस्त करत आणि पत्रिका पाठवणाऱ्याला परत देत. आहेराच्या पाकिटासोबत. लोक हसण्यावारी नेत. काही जण नेत नसत.

मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. सिद्धार्थ तेव्हा एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करत होता. शांत मुलगा. आईसारखाच रस्त्यांचा नाद, पण बोलायचा कमी. मुलगी लावण्या, तेलुगू घरातली, त्याच्याच कंपनीतली. पत्रिका मुलीच्या वडिलांनी छापून घेतल्या, तेलुगूत आणि मराठीत. मागचा नकाशा सिद्धार्थनं स्वतः हातानं काढून दिला. फार सुरेख काढला होता, स्टेशन, रूळ, चिंचेचं झाड, सगळं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: नकाशा – बाईंचा मुलगा.

त्यात चूक एकच होती. कार्यालय विद्यानगर स्टेशनच्या पूर्वेला होतं, ते त्यानं पश्चिमेला दाखवलं होतं.

बाईंच्या वाट्याच्या पत्रिका घरी आल्या त्या दुपारी मी खाली गेले होते. त्या फरशीवर बसून एकेक पत्रिका उलटी करून लाल शाईनं दुरुस्त करत होत्या. चुकीच्या जागेवर फुली, बरोबर जागेवर चौकोन, मध्ये बाण. सिद्धार्थ दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, राहू दे ना. मी सगळ्यांना फोन करून सांगतो." बाईंनी मान वर न करता विचारलं की फोन करून किती जणांना सांगणार, पाहुणे रुळांच्या पलीकडे जाऊन उभे राहिले तर काय. त्यात खोटं काहीच नव्हतं. पाहुणे खरोखरच पलीकडे गेले असते. सिद्धार्थ बाहेर निघून गेला.

त्यातली एक पत्रिका फिरत फिरत लावण्याच्या वडिलांकडे पोचली. मुलीच्या लग्नाची पत्रिका नापास झालेल्या पेपरासारखी दिसत होती, हे त्यांना फार लागलं. लग्न झालं, जेवणं झाली, कुणी भांडलं नाही. महिन्याभरात सिद्धार्थ आणि लावण्या मियापूरला राहायला गेले. ऑफिस जवळ पडतं, असं कारण दिलं. नंतर सणावारी फोन येत असे. बाई फोनवर तिकडच्या पाण्याची चौकशी करत आणि ठेवून देत. मुलगा का गेला, हे त्यांना कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.  फक्त पत्रिका दुरुस्त करून परत पाठवणं थांबलं. नंतर एक-दोन पत्रिका आल्या, त्यांतले नकाशे चुकलेलेच होते. बाईंनी त्या कपाटात ठेवून दिल्या.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं एका दुपारी लावण्या एकटीच आली. बाई घरात नव्हत्या, तिला ते ठाऊक असावं. ती जिना चढून सरळ माझ्याकडे आली. तिचं मराठी हिंदीच्या आधारानं चालायचं, पण अडायचं नाही. सिद्धार्थनं नोकरी सोडली होती, हे मला तिच्याकडूनच कळलं. दोन मित्रांबरोबर त्यानं शहरात कोड्यांचे शोधखेळ भरवायला सुरुवात केली होती. एक कोडं सोडवलं की पुढच्या जागेचा पत्ता लागतो, तिथे दुसरं कोडं, असं करत शेवटापर्यंत जायचं. आतापर्यंत सगळं ओळखीपाळखीत झालं होतं. येत्या रविवारी पहिला मोठा खेळ होता, सुलतान बाजाराच्या भागात. एका मोठ्या कंपनीची माणसं त्यात खेळणार होती. त्यांना आवडलं असतं तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही आवडलं तर सिद्धार्थ परत नोकरी शोधणार, असं दोघांचं ठरलं होतं.

"अत्तम्मांना घेऊन या तुम्ही," ती म्हणाली. सासूला ती अत्तम्मा म्हणायची. "सिद्धार्थ स्वतः नाही बोलवणार. भीती वाटते त्याला."

मी विचारलं, कशाची भीती. ती चहा संपवून निघून गेली.

बाईंना मी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "हौ, जाऊ. बूट धुवावे लागतील."

रविवारी सकाळी जामबागच्या एका मैदानात सगळे जमले. थंडीचे दिवस होते, दुकानं उघडायला अवकाश होता, रस्ते मोकळे होते. टेबलामागे सिद्धार्थ टीमची नावं लिहून घेत होता. आई समोर आल्यावर तो उठून उभा राहिला. परीक्षकानं वर्गात पाऊल टाकल्यावर मुलं उठतात तसा. मग आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्यानं तिच्यापुढे धरली, ऊन लागेल म्हणाला. बाईंनी टोपी घेतली. टीमचं नाव विद्यानगर लिही म्हणाल्या. आमची टीम म्हणजे आम्ही दोघीच.

सुरुवातीपासून आम्ही मागे पडलो. बाकीच्या टीम कोडं हातात आलं की चालता चालता वाचत होत्या. बाई प्रत्येक वेळी कागद जमिनीवर ठेवून, दिशेला लावून, मगच वाचत. पहिली कोडी सोपी होती. एक दुकानाच्या जुन्या पाटीत सापडलं, एक बसथांब्यामागच्या दगडावर. बाईंना मजा येत होती. पदराला फुटाणे बांधून आणले होते, ते मला देत होत्या.

सुलतान बाजारातल्या एका आतल्या रस्त्यावर पोचलो तेव्हा पुढे गेलेल्या जवळजवळ सगळ्या टीम तिथेच घोटाळताना दिसल्या. कुणी पायऱ्यांवर बसलं होतं, कुणी फोनवर जोरात बोलत होतं. पुढचं कोडं लावण्याच्या हातून मिळत होतं. तिनं आम्हाला कागद दिला. तिचा चेहरा उतरला होता.

कागदाच्या एका बाजूला त्या भागाचा जुना नकाशा छापला होता. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत आणि तेलुगूत कोडं होतं. त्याचा अर्थ असा: टांग्यांचे घोडे जिथे पाणी पीत, त्या विहिरीपाशी उभे राहा. तिथून पूर्वेला निघा. या नकाशातली गल्ली जिथे संपते, तिथे मला टांगलं आहे.

विहीर आता नव्हती. पण फोनवर जुना नकाशा नव्यावर ठेवून ती कुठे असेल हे बऱ्याच जणांनी काढलं होतं. तिथून पूर्वेच्या गल्लीच्या टोकाला जाऊन कोपरान् कोपरा शोधला होता. तिथे काहीच नव्हतं. लावण्यानं सिद्धार्थला दोनदा फोन केला होता. तो शेवटच्या ठिकाणी, कंपनीच्या मोठ्या साहेबांबरोबर बसला होता. कोडं बरोबर आहे, कार्ड मी सकाळी स्वतः टांगलंय, नीट शोधायला सांग, असं तो म्हणत होता. एक-दोन टीम खेळ सोडून नाश्त्याला जायच्या बेतात होत्या.

बाईंनी बंद शटरसमोर कागद पसरला, नकाशातल्या बाणाप्रमाणे फिरवला आणि गुडघे टेकले. नकाशात एक छोटं वर्तुळ होतं, त्याला लागून हौदासारखी लांबट खूण. वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना एकेक बंद गल्ली, कुणीतरी दोन हात पसरून उभं राहावं तशा. मग त्या उठल्या आणि रस्त्यानं सावकाश चालायला लागल्या. एका ठिकाणी दोन्हीकडची दुकानं जरा मागे सरकलेली होती. रस्ता विनाकारण फुगला होता आणि पुढे पुन्हा अरुंद झाला होता. त्या जागी एक पाणीपुरीची रिकामी गाडी साखळीनं बांधलेली होती.

"ही विहीर," बाई म्हणाल्या. "टांगे वळायला जागा लागायची. विहीर बुजवली, पण पुढे कुणाला सरकू दिलं नसणार."

तिथून आम्ही पूर्वेच्या गल्लीत गेलो. टोकाला दगडी भिंत, त्यात कायमचं बंद केलेलं लाकडी दार, बाजूला विजेच्या मीटरची पेटी आणि कापडाच्या दुकानाची रिकामी खोकी. बाईंनी काही शोधलं नाही. कागद उलटून कोड्याचं वाक्य पुन्हा वाचलं. बराच वेळ त्या तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं, थकल्या. मग त्या मागे वळल्या, विहिरीची जागा ओलांडली आणि समोरच्या पश्चिमेच्या गल्लीत शिरल्या.

ती गल्ली एका शिंप्याच्या बंद दुकानापाशी संपत होती. खिडकीच्या गजाला मागच्या बाजूनं केशरी रंगाचं कार्ड सुतळीनं बांधलेलं होतं. त्यावर शेवटच्या ठिकाणाचा पत्ता.

मी पत्ता लिहून घ्यायला लागले. आम्ही एकदम सगळ्यांच्या पुढे गेलो होतो. बाई म्हणाल्या, "आधी गाठ सोडव. माझ्या नखांनी निघत नाही."

मी विचारलं, कार्ड कशाला सोडायचं.

"पूर्व म्हणताना त्याचा हात पश्चिमेला जातो," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. उत्तर-दक्षिण कधी चुकला नाही. सकाळी कार्ड टांगायला आला असेल, विहिरीवर उभा राहिला असेल आणि पूर्व म्हणून इकडे आला असेल. लग्नाच्या नकाशात हेच झालं होतं."

मग त्याला फोन करून सांगू, मी म्हटलं. चूक कळली की तो सगळ्यांना तसं कळवील.

"सांगून झालंय एकदा," बाई म्हणाल्या. "प्रत्येक पत्रिकेवर."

मी गाठ सोडायला लागले. सुतळी दवानं ओली होती, वेळ लागला. बाई शांतपणे सांगत होत्या, मला की स्वतःला कोण जाणे, की कोड्यात काही चूक नाही, विहीर बरोबर आहे, पूर्व बरोबर आहे, कार्ड तेवढं चुकीच्या जागी आहे, ते हलवायचं.

पण पूर्वेच्या गल्लीत माणसं होती. त्यांच्या देखत कार्ड टांगता येणार नव्हतं. बाईंनी कार्ड माझ्या पिशवीत टाकलं आणि मला थोडं थांबून यायला सांगितलं. त्या पुढे गेल्या. विहिरीच्या जागेवर, रस्त्याच्या मधोमध, त्यांनी नकाशा पसरला आणि वर्गातल्या आवाजात हाक दिली. हिंदीत, तेलुगूत आणि मधूनच मराठीत. मी भूगोलाची मास्तरीण आहे, विहीर कुठे होती ती दाखवते, सगळ्यांनी इकडे या.

लोक आले. कंटाळलेले होते, म्हणूनही आले असतील. बाईंनी त्यांना नकाशाभोवती बसवलं. तरण्याताठ्या, चांगल्या पगाराच्या मुलामुलींना रस्त्यावर मांडी घालून बसवलं. टांगे कुठून येत, हौद कुठे होता, दुकानाच्या भिंती अशा तिरक्या का आहेत, हे सांगितलं. एकाला नकाशावरचा बूट काढायला लावला. तेवढ्यात मी भिंतीच्या कडेनं पूर्वेच्या गल्लीत गेले आणि मीटरच्या पेटीमागे, खालच्या बाजूला, कार्ड बांधलं. घाईत गाठ धड बसली नाही.

मी परत आले तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वर्ग संपवला. "अब जाओ, पूरब में. नीट बघा."

सगळे उठून पळाले. थोड्या वेळानं गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला, कार्ड मिळालं होतं. कंपनीतला एक मुलगा परत येताना बाईंजवळ थांबला. तो गोंधळलेला होता. त्या पेटीमागे मी स्वतः हात घालून बघितलं होतं, असं तो सांगत होता, अगदी शपथेवर.

बाई म्हणाल्या, "ठीक से देखे नहीं होंगे, बेटा."

त्यांच्या घरी राहिले तेवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकच खोटं वाक्य.

लावण्या कोपऱ्यावर उभी राहून हे सगळं बघत होती. मी भिंतीच्या कडेनं गेले तेही तिनं पाहिलं असणार. तरी तिनं फोनवर सिद्धार्थला सांगितलं की मिळालं, सगळे निघाले.

आम्ही शेवटच्या ठिकाणी पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. बाईंना घाई नव्हती, त्यांना वाटेत एक जुनी कमान बघायची होती. कंपनीची माणसं खुशीत होती. विहिरीच्या कोड्याबद्दलच सगळे बोलत होते. ते सगळ्यात अवघड होतं, पण सगळ्यात चांगलं, असं मोठे साहेब सिद्धार्थला सांगत होते. सिद्धार्थ आमच्याकडे आला. "कसं होतं, आई?" त्यानं विचारलं. त्याचे खांदे वर ओढलेले होते.

"विहिरीचं चांगलं होतं," बाई म्हणाल्या. "जागा छान निवडलीस." मग त्यांनी टोपी काढून त्याला परत दिली आणि आम्ही बसनं घरी आलो. बसमध्ये त्या झोपल्या.

पुढचं मला लावण्यानं फोनवर सांगितलं. दुपारी सिद्धार्थ सगळी कार्डं उतरवायला गेला होता. विहिरीचं कार्ड आणायला तो शिंप्याच्या दुकानाशी गेला. गजाला सुतळीचा तुकडा होता, कार्ड नव्हतं. त्यानं लावण्याला फोन केला. तिनं सांगितलं, दुसऱ्या गल्लीत बघ, मीटरच्या पेटीमागे. तो तिकडे गेला आणि तासभर परत आला नाही. घरी आल्यावर त्यानं तिला एवढंच विचारलं की आई तिथे होती का. होत्या, ती म्हणाली.

दोन रविवार असेच गेले. बाईंनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. माळ्यावरून पाईपही खाली आला नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी सिद्धार्थचा फोन आला, जेवायला येतो म्हणून. बाईंनी मला खाली बोलावलं, अंबाडीची भाजी निवडायला लावली आणि स्वतः ज्वारीच्या भाकरी थापायला बसल्या. दोघं आली. जेवताना मियापूरच्या पाण्याच्या, लावण्याच्या वडिलांच्या गुडघ्याच्या, मेट्रोच्या गर्दीच्या गोष्टी झाल्या. विहिरीचं नाव कुणी काढलं नाही. काम त्यांना मिळालं होतं, तेही लावण्यानंच सांगितलं.

जेवणं झाल्यावर सिद्धार्थनं पिशवीतून कागद काढले. पुढच्या खेळाची कोडी होती, त्याच्या हातच्या नकाशांसकट. त्यानं ते फरशीवर आईसमोर ठेवले, उत्तर बघून फिरवून ठेवले, आणि वर पेन ठेवलं.

"छापायच्या आधी एकदा बघून देशील?" तो म्हणाला. "चुका असतील त्या कर दुरुस्त. लाल पेन नाही माझ्याकडे, निळंच आहे."

बाईंनी कागदांकडे पाहिलं. मला वाटलं, आता पेन उचलतील. लावण्या भांडी उचलता उचलता थांबली. बाईंनी कागद एकावर एक रचले, कडा जुळवल्या आणि त्याच्याकडे परत सरकवले.

"मी नाही बघणार."

सिद्धार्थचा चेहरा पडला. तो कागद पिशवीत घालायला लागला. बाई म्हणाल्या, "अरे, आधीच बघितलं तर मला खेळता कसं येईल?"

तो थांबला. मान खालीच ठेवून त्यानं विचारलं, "आणि चुकलेलं असलं तर?"

"असलं तर दोन्ही गल्ल्या बघीन," बाई म्हणाल्या. "चालता येतंय अजून मला."